तिसरी उडी

जमीन हलली की बाकीचे लोक घराबाहेर पळतात आणि भूकंपवाल्या बाई लोकांच्या घरात शिरतात. त्यांचं कामच ते. खांद्याला पिशवी, पुठ्ठ्याला चिमटा लावून अडकवलेले कागद, आणि चेहरा असा की जणू मीटरचं रीडिंग घ्यायला आल्यात. दारात उभं राहायचं आणि विचारायचं, "आज काही जाणवलं का हो?" बस. हादरा बसला का, भांडी वाजली का, असं आपणहून विचारायचं नाही. लोकांच्या तोंडात आपलं उत्तर कोंबायचं नाही, हा त्यांच्या खात्याचा पहिला नियम. माणूस मोठा गमतीचा प्राणी असतो. भांडी वाजली का विचारलं, तर शेजाऱ्याच्या घरची वाजलेलीही सांगून मोकळा होतो.

त्या दुपारीही बाई अशाच निघाल्या. फरक एवढाच की, इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच त्यांना मनापासून वाटत होतं, लोकांनी हो म्हणावं. निदान थोड्यांनी तरी म्हणावं.

का, ते सांगतो. पण आधी त्या जागेची थोडी ओळख करून द्यायला हवी, नाहीतर पुढचं काही लक्षात यायचं नाही.

वस्तीच्या टोकाला एक टेकाड. टेकाडाच्या पोटात खोदलेली यंत्रखोली, तिच्यात उतरायला दगडी पायऱ्या. आत बारमाही गारवा आणि ओल्या दगडाचा वास. मधोमध चौथरा, चौथऱ्यावर यंत्र. वरच्या कचेरीत कागद गुंडाळलेला रूळ संथ फिरत राहायचा आणि त्यावर सुया रेषा ओढत राहायच्या. तीच नोंद तारेवरून मुख्यालयातही पोचायची. अंगणापलीकडे दोन खोल्यांचं क्वार्टर. तिथं बाई राहायच्या आणि त्यांचे यजमान. यजमान बेकरीत भट्टीवर होते, रात्रभर पाव भाजायचे आणि सकाळी घरी येऊन झोपायचे. त्यांच्या कपड्यांना, केसांना, उशीला, सगळ्या घरालाच गरम पावाचा वास असायचा.

आणि त्यांची मुलगी. ती नीट चालली असं कधी कोणी बघितलंच नाही. ओट्यावरून उडी, पायरीवरून उडी, पलंगावरून तर विचारूच नका. बापानं नाव ठेवलं नाकतोडी. सगळी वस्ती तिला नाकतोडी म्हणायची आणि तीही ऐटीत ओ द्यायची.

आता यंत्र नीट चालतंय का, हे तपासायची या लोकांची एक रीत असते. तुम्हाला वाटेल मोठी उपकरणं लागत असतील. काही नाही हो. यंत्रखोलीच्या पायऱ्यांपाशी कोणीतरी तीन उड्या मारायच्या. कागदावर तीन ठोके उमटले की यंत्र ठणठणीत. आधी हे काम मुख्यालयातून येणारा म्हातारा फिटर करायचा. मग नाकतोडीला पाय फुटले आणि तिनं ते हिसकावून घेतलं. "माझी नोकरी खाल्ली हिनं," असं फिटर ज्याला त्याला सांगायचा आणि येताना तिच्यासाठी गोळ्या घेऊन यायचा.

दोन उड्या ती धडाधड मारायची. मग थांबायची. बाई वर रुळापाशी बसून सुई सारखी करायच्या, तोवर ती खाली टाचा उंचावून, श्वास रोखून उभी. बाईंनी वरून "हं!" म्हटलं की तिसरी. त्या "हं"शिवाय ती तिसरी मारायची नाही. कोणी कितीही चिडवलं, गुदगुल्या केल्या, तरी नाही. आणि तिसरी झाली रे झाली की अंगण तुडवत घराकडे धूम. "बाबा, झाली! उठा!" तिची ती धावती पावलंसुद्धा कागदावर उमटायची, बारीक बारीक टिकल्या, लांब जाईल तशा पुसट होत जाणाऱ्या.

शेवटच्या वेळी तिनं दोन मारल्या आणि पायरीवरच बसली. म्हणाली, "आई, तिसरी उद्या मारते. पाय दुखतायत." बाईंनी खाली येऊन कपाळाला हात लावला, तर कपाळ तव्यासारखं तापलेलं. त्या तापातून ती उठलीच नाही. पुलापलीकडच्या उतारावर, जिथं गावातली माणसं मातीत ठेवतात, तिथं तिला ठेवली. बापानं स्वतः खड्ड्यात उतरून तळाची माती हातानं सारखी केली. त्याला ढेकळं टोचू द्यायची नव्हती तिला.

त्यानंतर यंत्राची चाचणी कोणी घेतली नाही. कोणाची छातीच झाली नाही.

आणि आता यंत्रच जाणार होतं. त्या भागात वर्षानुवर्षं काही हललं नव्हतं. मुख्यालयानं ठरवलं, इथं कशाला ठेवायचं? उचलायचं आणि खूप लांब, जिथं गरज आहे तिथं न्यायचं. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. बाईंनी अर्ज केले, विनवण्या केल्या. त्या यंत्राशी त्यांचं काय होतं, ते बाहेरच्याला कसं कळणार? त्या कागदावर त्यांची लेक धावली होती. तेवढा एक कागदच तिच्या पायांना ओळखत होता.

अशात त्या सकाळी सुया हलल्या. अगदी किरकोळ. झोपलेल्याची कूस बदलणार नाही इतके लहान दोन धक्के, लागोपाठ, आणि अतिशय उथळ. मग थोड्या वेळानं आणखी एक लहान जोडी. मग आणखी एक. दुपारपर्यंत असं चाललं आणि थांबलं.

साहेबांचा फोन लगेच आला. मुख्यालयातले हे साहेब तसे चांगले. "बाई, फक्त तुमच्याच यंत्रावर आलंय. बाकी कुठल्या केंद्रावर पत्ता नाही. लोकांना जाणवलं असेल तर भूकंप धरू, आणि तुमच्याकडे उथळ भूकंप व्हायला लागले असतील तर यंत्र हलवता येणार नाही. जाणवलं नसेल तर यंत्राचा गोंगाट म्हणून पुसून टाकू. संध्याकाळपर्यंत सांगा." मग कागद चाळल्याचा आवाज आला आणि साहेब वर्षानुवर्षांच्या सवयीनं हसत म्हणाले, "आणि ते मधले दोन दोन ठोके बघा. नाकतोडीला जरा आवरा की..."

पुढचा शब्द त्यांच्या घशातच राहिला.

"माफ करा, बाई... तोंडातून गेलं."

"असू दे, साहेब," बाई म्हणाल्या. तोवर त्यांनी भिंग घेऊन कागद वाचला होता.

जमिनीत कुठं काही हललं की दोन लाटा निघतात. एक चपळ, एक रेंगाळणारी. वीज आधी दिसते आणि गडगडाट मागाहून येतो, तसं. दोघींमध्ये अंतर जास्त असलं तर जागा लांब, कमी असलं तर जवळ. शिवाय कुठली सुई किती हलली, त्यावरून दिशाही लागते. पहिली जोडी पुलापलीकडून आली होती, उताराकडून. त्यानंतरच्या प्रत्येक ठोक्यात दोन लाटांमधलं अंतर कमी कमी होत गेलं होतं. शेवटच्या जोडीत ते उरलंच नव्हतं.

आणि प्रत्येक वेळी दोनच ठोके. मग सरळ रेष. तिसरा कुठंच नाही.

बाईंनी भिंग खाली ठेवलं, पिशवी उचलली आणि त्या निघाल्या. आता कळलं ना, त्यांना लोकांचं "हो" का हवं होतं? यंत्र राहिलं पाहिजे होतं. उद्या सकाळी ते गेलं, तर ती आली-गेलेली कळणार कोणाला?

पुलाजवळच्या पहिल्या घरात शिवणवाली राहायची. मशीनचा पाय थांबवून ती म्हणाली, "हो हो, जाणवलं ना! सकाळी नुकती पहिली टीप घालत होते. टेबलावरून कात्री सरकली. दोनदा. ट्रक म्हणावा, तर पुलावरून जड गाड्यांना बंदी आहे."

"मग तुम्ही काय केलंत?"

"उठून बाहेर बघितलं. खरं सांगू का, बाई? मला वाटलं, कोणीतरी माझ्या ओट्यावरून उडी..." ती बाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिली आणि एकदम दोरा ओवायला लागली. "नाही, भूकंपच असणार. भूकंप लिहा."

त्याच रस्त्यावर पुढं न्हाव्याचं दुकान. न्हावी हातवारे करून सांगायला लागला, "अहो, शाळेची घंटा नुकती झाली होती. गिऱ्हाईकाच्या गळ्याशी वस्तरा! दोन हिसके बसले. त्याचं नशीब म्हणून वाचला, नाहीतर तुमच्या भूकंपात एक मेला म्हणून लिहावं लागलं असतं."

"बाहेर पळालात?"

"वस्तरा घेऊन? लोकांनी मलाच धरला असता."

बाईंना हसू आलं. किती दिवसांनी आलं कोण जाणे. पण लिहिता लिहिता पेन थबकलं. शिवणवालीला पहिली टीप घालताना, आणि इथं शाळेची घंटा झाल्यावर? दोघांच्या घरात हाकेचं अंतर. खरा भूकंप असा घरोघर थांबत थांबत जात नाही.

मग त्या आडगल्ल्यांत शिरल्या. रस्त्याच्या डाव्या अंगाला, उजव्या अंगाला, मागच्या आळीत. कोणालाच काही जाणवलं नव्हतं. एका ओसरीवर किराणावाला भेटला, भला माणूस. तो हळूच म्हणाला, "बाई, यंत्र नेणार म्हणे तुमचं. माझ्या घरी आम्ही पाच जण आहोत, पाचांनाही जाणवलं लिहा. मागच्या आळीत मी सांगून ठेवतो. सगळे हो म्हणतील. तुमच्यासाठी एवढं कोण करणार नाही?"

बाईंना भरून आलं. एवढं सोपं होतं ते. चारी बाजूंनी थोडे थोडे "हो" मिळाले की नकाशावर छान गोल झाला असता, आणि गोल झाला की भूकंप. पेन कागदावर टेकलंसुद्धा. मग त्या म्हणाल्या, "नंतर लिहिते हं," आणि पुढं गेल्या.

यंत्राच्या टेकाडाजवळचं घर पलंगावरच्या आजींचं. आजी अंथरुणाला खिळून होत्या आणि कानांनी पार गेलेल्या. सून ओरडून प्रश्न सांगायची. पण आजींनी बाईंना बघताच हात पुढं केला आणि प्रश्नाची वाटच पाहिली नाही.

"मला ऐकू येत नाही, पण पलंगाचे पाय सगळं सांगतात बघ," आजी म्हणाल्या. "जेवणाच्या आधी आलं. हलकं पाऊल होतं. दोनदा. आणि मग थांबलं."

"थांबलं... म्हणजे, आजी?"

"थांबलं म्हणजे गेलं नाही. उभं राहिलं, इथं, खिडकीपाशी. मी आपली वाट बघत बसले. वाटलं, अजून एक यायचीय." आजींनी नाकानं हवा ओढली. "आणि वास आला, गरम पावाचा. माझी सून म्हणते, म्हातारीला भूक लागली असेल."

सुनेनं ओशाळून मान खाली घातली. बाईंनी "आभारी आहे" म्हटलं, की म्हणायचं राहिलं, त्यांना नंतर आठवेना. रस्त्याला लागल्यावर त्यांनी नकाशा बघितला. "हो" म्हणालेली सगळी घरं एका रेषेत होती. उतारापासून पूल, पुलापासून रस्ता, रस्त्यावरून टेकाड. नाकतोडी शाळेतून यायची, तोच रस्ता.

घर तेवढं राहिलं होतं. त्यांचं स्वतःचं.

यजमान टेबलापाशी बसले होते. समोर चहा, निवून साय धरलेला. बाईंनी खुर्ची ओढली आणि पुठ्ठा समोर धरला.

"तुम्हालाही विचारायला हवं. नियम आहे."

"विचार."

"आज काही जाणवलं का?"

"जाणवलं."

"तेव्हा तुम्ही बसला होतात, उभे होतात की झोपला होतात?"

"झोपलो होतो."

"जाग आली?"

"आली."

"घाबरलात?"

"नाही."

"बाहेर... बाहेर पळालात?"

त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाले, "दारापर्यंत गेलो."

"का?"

"दार उघडायला."

बाईंच्या हातातून पेन खाली पडलं. ते उचलायला दोघांपैकी कोणीच वाकलं नाही. बाई रडायला लागल्या. तोंडावर पदर, हात काही न घेता, मोठ्यानं. एवढे महिने रडायचं बाकी होतं, ते सगळं रडल्या.

"मला का नाही सांगितलंत?" खूप वेळानं त्या म्हणाल्या.

"तू तरी कुठं सांगितलंस? सकाळपासून भिंग घेऊन बसलीस." त्यांचाही आवाज फुटला. "अगं, ती तिथं उभी आहे. पायऱ्यांपाशी. टाचा वर करून. तू म्हटल्याशिवाय ती हलायची नाही, तुला माहीत आहे ना तिचा हट्ट? म्हण ना एकदा. मारू दे तिला तिसरी."

"आणि मग?"

"मग येईल घरी. नेहमीसारखी."

"किंवा जाईल," बाई म्हणाल्या. "अहो, खेळ संपला की पोरं निघून जातात. मला नाही म्हणवत. यंत्र राहू दे, ती उभी राहू दे. निदान आहे तरी..."

"आणि पाय दुखत असतील तर तिचे?"

बाईंनी खाली पडलेलं पेन उचललं आणि पुठ्ठा काखोटीला मारला.

उन्हं उतरता उतरता त्या कचेरीत आल्या. किराणावाल्याचे रकाने अजून कोरे होते. फोनवर साहेबांनी हळुवारपणे विचारलं, "काय लिहू, बाई? जागा पुलापलीकडे धरतो. खोली नक्की लागत नाही, तर रीतीप्रमाणे दहा किलोमीटर लिहू?"

या खात्यात खोली कळली नाही की दहा लिहून मोकळं व्हायचं, अशी पद्धत असते.

"दहा नका लिहू, साहेब. एवढं खोल नाही." खड्डा किती खोल होता, ते बाईंनी काठावर उभं राहून बघितलं होतं. "आणि भूकंपही लिहू नका. गोलात जाणवलेलं नाही. एका रेषेत जाणवलंय, एकामागून एक. कोणी चालत आल्यासारखं."

साहेबांना काय समजायचं ते समजलं असावं. "यंत्र जाईल मग, बाई."

"जाऊ दे. लेकीच्या पावलांना खोटं नाव देऊन ती ठेवून घेऊ?"

"मग गोंगाट म्हणून पुसू का?"

"पुसू नका!" बाई केवढ्यानं ओरडल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "चाचणी लिहा, साहेब. दोन झाल्या. एक बाकी आहे."

फोन ठेवून त्या रुळापाशी बसल्या. दार उघडं होतं. तिथून खालच्या पायऱ्या दिसत होत्या, रिकाम्या, त्यांच्यावर शेवटचं ऊन. वारा पडला होता. आणि खालून, ओल्या दगडाच्या वासातून, गरम पावाचा वास वर येत होता. बेकरीला त्या दिवशी सुट्टी होती.

बाईंनी सुई सारखी केली. ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले.

"हं..."

रेष सरळच गेली.

"हं! मार ना गं..."

सुई हलली नाही. "नाकतोडे, बाळा, मार ना... आई म्हणतेय ना, मार... हं... हं..." बाई म्हणत राहिल्या. आवाज चिरकला, हुंदके आले, काळोख पडला, पायऱ्या दिसेनाशा झाल्या. कागद संपेपर्यंत रेष सरळ होती. शेवटी यजमानांनी येऊन त्यांना उठवलं. घरी नेताना ते एवढंच म्हणाले, "तू रडत होतीस गं. तू रडायला लागलीस की ती काही करायची का कधी? नुसती बघत उभी राहायची."

सकाळी फिटर छोटी गाडी घेऊन आला. पायऱ्यांपाशी त्यानं चपला काढल्या आणि थोडा वेळ तसाच उभा राहिला. बरोबरच्या दोघांनी यंत्र चौथऱ्यावरून उचलायला घेतलं, तेव्हा तिघांनीही एकमेकांकडे बघितलं. "दर वेळी दोघांत उचलतो की हे," फिटर पुटपुटला. "वय झालं माझं." त्यानंही हात लावला, तेव्हा कुठं ते वर आलं. जाड गोधडीत गुंडाळून, लेकराला ठेवावं तसं त्यानं ते गाडीत ठेवलं. गाडी पुलावरून दिसेनाशी होईपर्यंत दोघं नवरा-बायको अंगणात उभे होते.

पुढचे दिवस कसे गेले, विचारू नका. घरात वास येईनासा झाला. यजमान पहाटे भट्टीवरून यायचे, कपडे तसेच पिठाचे, पण वास म्हणून नाही. बाईंना तर जमीन मेल्यासारखी वाटायची.

आणि मग एके दिवशी फोन वाजला. फिटर होता. फार लांबून बोलत होता, आवाज तुटक येत होता.

"बाई... यंत्र लावलं. पोचलं नीट."

"बरं झालं."

"आता चाचणी घेतली. मीच मारल्या उड्या. दोन मारल्या आणि गुडघा धरला माझा, तिसरी काही मारली नाही. सवयीनं 'हं' मात्र म्हणून गेलो... कोणाला म्हणालो, देव जाणे." मागून कागद उलगडल्याचा आवाज आला. "बाई, कागदावर तीन आहेत."

बाईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"तिसरी हलकी आहे, बाई. मी आयुष्यभर हेच बघितलंय. मला ओळखू येते ती."

"आणि... तिसरीनंतर?"

"तेच सांगायला फोन केला. तिसरीनंतर टिकल्या आहेत. बारीक, एकामागोमाग, पळाल्यासारख्या. पुसट होत गेल्यात. मी दिशा काढून बघितली... दोनदा काढली..."

"दिशा कुठली?"

"तुमच्याकडची, बाई."

फोन ठेवल्यावर यजमानांनी डोळ्यांनीच विचारलं. बाई म्हणाल्या, "निघाली."

गाडीला तिथं पोचायला दोन दिवस लागले होते. तिची पावलं ती केवढी. वाटेत कुठवर आली, हे कळायला आता यंत्रही नव्हतं. यजमानांनी दार उघडलं आणि मिटू नये म्हणून पायाशी वीट लावली. बाईंनी उंबऱ्यावर पाण्यानं भरलेली वाटी ठेवली. यंत्र नसलं की पाण्यात बघायचं, जमीन हलली की पाण्यावर वर्तुळं उमटतात, हे त्यांनीच तिला कधीतरी शिकवलं होतं.

दिवसामागून दिवस गेले. पाणी रोज बदलायचं, रोज काठोकाठ भरायचं. भाजीवाली हसायची, पोस्टमन वाटी ओलांडून जायचा. आणि एका संध्याकाळी दोघं जेवायला बसत असताना घरभर गरम पावाचा वास आला. बाईंचा हात ताटावरच राहिला. वाटीतल्या पाण्यावर वर्तुळं उमटली. विरली. पुन्हा उमटली.

दोनदा. मग पाणी थांबलं.

"आली..." यजमान कुजबुजले. त्यांचे डोळे वाहत होते. "आता रडू नकोस. म्हण. म्हण ना गं."

बाईंनी तोंड उघडलं होतं. म्हणणारच होत्या. आणि तेवढ्यात त्यांच्या मनात आलं: तिसरी झाली की ती धावत सुटायची घराकडे, प्रत्येक वेळी. पण आता ती घरीच उभी आहे, उंबऱ्याशी. आता तिसरी मारली तर ती धावणार कुठं?

बाईंनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि मानेनं नाही म्हटलं. यजमानांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनीही मान खाली घातली.

ती दोघं अजून तिथंच राहतात. कधी त्या बाजूला गेलात तर जरूर डोकावा, माणसं अगत्याची आहेत, दार सदा उघडंच असतं. वाटी तेवढी जपून ओलांडा. बसा, चहा घ्या, काय हवं ते बोला. फक्त एक सांभाळायचं. त्या घरात कोणी हुंकार देत नाही. कितीही लांबलचक सांगत बसलात तरी दोघं नुसती मान हलवतात, नाहीतर "हो" म्हणतात. तुम्हीही तेच करा. मगाचपासून माझं ऐकताना देताय ना, तसा तिथं देऊ नका. मी एकदा बोलण्याच्या भरात देणार होतो. बाईंनी एवढ्या झटक्यानं माझ्या तोंडावर हात ठेवला की कप सांडला. मी उंबऱ्याकडे बघितलं. वाटीतलं पाणी एका बाजूला कललं होतं, काठापर्यंत, आणि तसंच थांबलं होतं.